उपाशी ठेवल्यावर फळणारी बुरशी

१९५३ साली ‘मायकॉलॉजिया’ या अमेरिकी नियतकालिकात सागर विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातील एस. बी. सक्सेना यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला आणि त्यात सागरजवळच्या पथरियाच्या जंगलातील मातीतून मिळालेल्या एका बुरशीचे वर्णन करून तिच्यासाठी नवा वंश स्थापन करण्यात आला. सक्सेनिया वासिफॉर्मिस हे या बुरशीचे शास्त्रीय नाव. तिच्यामुळे कोणत्या पिकाचे नुकसान होत नव्हते, तिच्यापासून औषध मिळत नव्हते आणि ती खाण्याच्या कामाचीही नव्हती. त्यामुळे वर्गीकरणात रस असणाऱ्या मोजक्या अभ्यासकांपलीकडे तिची दखल घेण्याचे कोणाला कारण नव्हते. पुढे तेवीस वर्षांनी, १९७६ मध्ये, अमेरिकेत मोटार अपघातात डोक्याला जबर जखम झालेल्या एका तरुणाच्या शरीरात हीच बुरशी वाढत असल्याचे जाहीर झाले आणि मध्य भारताच्या जंगलातील मातीविषयीचा तो जुना निबंध वैद्यकाच्या संदर्भसूचीत जाऊन बसला. जंगलातील माती आणि माणसाची जखम यांना जोडणारा दुवा कवकांच्या परिस्थितिकीत, म्हणजे ती कोठे, कशावर आणि कोणाच्या शेजारी जगतात याच्या अभ्यासात आहे, आणि सक्सेना यांच्या संशोधनाचा मुख्य विषयही तोच होता.

सागर आणि जबलपूर ही दोन्ही शहरे त्या काळी नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या महाकोशल भागात मोडत होती, आणि १९४६ साली हरिसिंह गौर यांनी सागरला विद्यापीठ स्थापन केले तेव्हा या भागातील उच्च शिक्षणाला नागपूरच्या बाहेर पहिले स्वतंत्र केंद्र मिळाले. जबलपूरला स्वतःचे विद्यापीठ मिळण्यास १९५६ साल उजाडावे लागले. नव्या विद्यापीठाकडे महागडी उपकरणे नसणे स्वाभाविक होते, परंतु त्याच्या भोवतालच्या पथरिया टेकड्यांवर कोरड्या पानगळीचे जंगल होते आणि तेथून पूर्वेला, जबलपूर ओलांडून मंडला-दिंडोरीकडे जाताना, सागवानाचे राज्य संपून सालवृक्षाचे सुरू होते. दख्खनच्या काळ्या खडकाची माती, विंध्याच्या वालुकाश्माची माती, सागवानाखालची, सालाखालची आणि गवताखालची माती असे नाना प्रकार एका दिवसाच्या प्रवासात हाताशी येतील अशी ही जागा असल्याने, मातीतील कवकांचा अभ्यास करू पाहणाऱ्याला साधनांची उणीव होती, सामग्रीची मुळीच नव्हती.

मातीत कवके असतात हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तथापि ती तेथे खरोखर जगतात की हवेतून पडलेले त्यांचे बीजाणू तेथे नुसते पडून राहतात, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभी सुटलेला नव्हता. पुढे स्ट्रेप्टोमायसिनच्या शोधाशी ज्यांचे नाव जोडले गेले ते सेलमन वॅक्समन यांनी १९१६ साली नेमका हाच प्रश्न विचारणारा निबंध लिहिला होता. बीजाणू म्हणजे कवकाच्या प्रसारासाठी तयार होणारा, बहुधा एकाच पेशीचा सूक्ष्म कण. आणि कवकाचे खरे शरीर म्हणजे कवकतंतू, अर्थात केसाहून कितीतरी बारीक अशा नळ्यांचे, अन्नावर पसरत जाणारे जाळे. वाळलेले पान, मेलेला किडा किंवा कुजणारे मूळ यांवर हे जाळे पाचक रस सोडते, अन्नाचे पचन शरीराबाहेरच उरकते आणि तयार झालेले द्रावण शोषून घेते. मातीच्या एका चिमटीत अशी अनेक जाळी एकमेकांत गुंतलेली असतात, पण ती डोळ्यांना दिसत नाहीत आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसली तरी नुसत्या तंतूवरून कवकाची ओळख पटत नाही.

म्हणून अभ्यासकाला माती पोषक अगरवर, म्हणजे साखर व इतर अन्नद्रव्ये घालून गोठवलेल्या जेलीसारख्या माध्यमावर, पसरून कवके वाढवावी लागतात. मातीचे पाण्यात उत्तरोत्तर पातळ द्रावण करून त्याचे थेंब काचेच्या बशीत घालण्याची पद्धत जुनी होती आणि १९५० मध्ये वॉरकप यांनी मातीचे कण सरळ बशीतच माध्यमाबरोबर मिसळण्याची सोपी रीत सुचवली होती. या दोन्ही रीतींना एक खोट आहे, ती अशी की भराभर वाढणारी आणि अमाप बीजाणू तयार करणारी कवके बशी व्यापून टाकतात आणि हळू वाढणारी, क्वचित बीजाणू धरणारी कवके त्यांच्याखाली दडपली जातात. पेनिसिलियम आणि ॲस्परजिलस या सर्वत्र आढळणाऱ्या वंशांच्या गर्दीतून काही निराळे हाती लागायचे असेल, तर बशीच्या कडेला मागे राहिलेल्या, काहीच करीत नसल्यासारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या धाग्यांकडे चिकाटीने पाहत राहणे एवढाच उपाय त्या वेळी उपलब्ध होता. सक्सेनिया ही अशाच स्वभावाची बुरशी आहे. ती अन्नावर जोमाने पसरते, पण ओळख पटवणारा अवयव सहजासहजी दाखवत नाही.

तो अवयव म्हणजे तिची बीजाणुधानी, अर्थात बीजाणू ज्यात तयार होतात ती पिशवी. म्यूकर गणातील, म्हणजे शिळ्या भाकरीवर कापसासारख्या उगवणाऱ्या बुरशीच्या नात्यातील बहुतेक कवकांत ही पिशवी गोल असते आणि उंच दांड्याच्या टोकाला टाचणीच्या डोक्यासारखी दिसते. सक्सेनियात मात्र ती खाली फुगीर आणि वर लांब मान काढलेल्या सुरईच्या आकाराची असून तिचे तोंड चिकट द्रव्याच्या बुचाने बंद असते. तिचा दांडा आखूड व तपकिरी असतो आणि त्याच्या तळाशी फाटे फुटलेले, मुळांसारखे दिसणारे गडद मूलाभ असतात. बूच विरघळले की आतील लांबट, गुळगुळीत बीजाणू बाहेर पडतात. म्यूकर गणात अशी रचना दुसऱ्या कोणाची नसल्याने नवा वंश करण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि १९७४ मध्ये हेसेल्टाइन व एलिस यांनी या वंशासाठी स्वतंत्र कुलच निर्माण केले.

म्यूकर गणाचे उत्क्रांतीतील स्थान समजून घेतल्याखेरीज पुढील कथा उलगडत नाही. कवके ही वनस्पती नव्हेत. त्यांच्या पेशींची भिंत कायटिनची, म्हणजे खेकड्याच्या कवचात असणाऱ्या द्रव्याची असते, आणि १९९३ मध्ये प्रथिने व जनुकांच्या तुलनेवरून कवके वनस्पतींपेक्षा प्राण्यांना अधिक जवळची असल्याचे स्पष्ट झाले. कवकजन्य आजारांवर औषध शोधणे कठीण जाते त्याचे एक कारण हे नातेच आहे, कारण कवकाला मारणारे रसायन रुग्णाच्या पेशींनाही सहसा सोसत नाही. अळंबी किंवा पेनिसिलियम यांसारख्या नंतर विकसित झालेल्या कवकांच्या तंतूंत ठरावीक अंतरावर आडपडदे असतात, तर म्यूकर गणातील तंतू बहुतांशी सलग नळीसारखे असतात आणि त्यांतून पेशीद्रव विनाअडथळा वाहतो. ही कवकांची जुनी शाखा आहे. सलग नळीमुळे वाढ अतिशय वेगाने होते, मात्र तंतू कोठे तुटला तर मोठे नुकसान होते. आणि ज्यावर सर्वांची उडी पडते त्या ताज्या, साखरयुक्त अन्नापर्यंत सर्वांच्या आधी पोहोचायचे, ते फस्त करायचे आणि मागून येणारे बळकट स्पर्धक येण्यापूर्वी बीजाणू टाकून मोकळे व्हायचे, असा या गणाचा सर्वसाधारण जीवनक्रम आहे.

नव्या वंशाच्या शोधाला प्रसिद्धी मिळाली, तरी सक्सेना यांच्या कामाचा गाभा १९५५ साली ‘जर्नल ऑफ द इंडियन बॉटनिकल सोसायटी’मध्ये आलेल्या दीर्घ निबंधात आहे. सागरच्या काही वनमृदांतील सूक्ष्मकवकांचे वितरण कोणत्या परिस्थितिकीय घटकांवर अवलंबून असते, हा त्याचा विषय होता. मातीतील ओलावा, आम्लता, कुजलेल्या सेंद्रिय द्रव्याचे प्रमाण, खोली, वरचे झाडझाडोरे आणि ऋतू हे घटक परस्परांत इतके गुंतलेले असतात की एकाचा परिणाम दुसऱ्यापासून सुटा काढणे अवघड असते. मध्य भारतात तर चार महिने चिंब भिजलेली माती उरलेल्या वर्षात हळूहळू वाळत जाऊन मे महिन्यात भाजून निघते, आणि अशा मातीत बारमाही जगणाऱ्या कवकाला भुकेचे आणि तहानेचे दिवस पार करण्याची काही ना काही तजवीज ठेवावीच लागते. १९५५ मध्येच सक्सेना यांनी मोनोसिलियम इंडिकम या आणखी एका कवकाचे वर्णन करून मोनोसिलियम हा दुसरा नवा वंशही शास्त्राला दिला.

त्या पिढीतील भारतीय मृदाकवकशास्त्रावर नुसत्या याद्या केल्याचा आरोप पुष्कळदा होतो आणि तो सर्वस्वी चुकीचा नाही. अमुक जिल्ह्यातील मातीत तमुक कवके आढळली, एवढेच सांगणारे शेकडो निबंध त्या काळात प्रसिद्ध झाले आणि त्यांतील बरेच आज कोणी उघडत नाही. तथापि यादी आणि परिस्थितिकी यांतील भेद प्रश्नात असतो. कवक सापडले कोठे याची नोंद करून यादी थांबते. ते तेथेच का सापडले, शेजारच्या मातीत का नाही, असे विचारले की परिस्थितिकी सुरू होते, आणि सागरचे काम या दुसऱ्या वाटेवरचे होते.

त्याचा उत्तम पुरावा म्हणजे १९६० मध्ये ब्रिटिश कवकशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात आलेला त्यांचा निबंध. त्यामागची पार्श्वभूमी मोठी मनोरंजक आहे. कॅलिफोर्नियातील संत्री-मोसंबीच्या बागांत झाडांची मुळे कुजवणाऱ्या आर्मिलारिया या कवकाचा बंदोबस्त करण्यासाठी जमिनीत कार्बन डायसल्फाइड या वायुरूप होणाऱ्या विषारी द्रवाची धुरी देत असत, आणि त्याने रोग हटतो हे अनुभवाने माहीत होते. परंतु १९५१ मध्ये ब्लिस यांनी दाखवून दिले की निर्जंतुक केलेल्या मातीत तीच धुरी दिली तर आर्मिलारिया मरत नाही. म्हणजे विष स्वतः मारेकरी नसून ते केवळ बाजू पालटते, आणि खरे काम धुरीनंतर मातीत माजणारे ट्रायकोडर्मा हे हिरवे कवक करते. मग प्रश्न असा उभा राहिला की धुरीनंतर ट्रायकोडर्माच का माजते: विष सोसण्याची ताकद त्याच्यात इतरांहून अधिक आहे म्हणून, की मोकळी झालेली माती सर्वांआधी व्यापण्याइतकी त्याची वाढ वेगवान आहे म्हणून? ट्रायकोडर्मा आणि मातीतील इतर कवके यांच्यावर या धुरीचा काय परिणाम होतो, याचे परीक्षण सक्सेना यांच्या निबंधात आहे. मातीत एखादे द्रव्य घातले की त्याचा परिणाम एका जिवावर न होता शेजाऱ्यांच्या संपूर्ण मांडणीवर होतो, ही गोष्ट आज पटवून द्यावी लागत नाही. महाराष्ट्रातील आणि मध्य प्रदेशातील शेतकरी हरभऱ्याच्या मर रोगासाठी बियाण्याला ट्रायकोडर्माची भुकटी चोळतात, तेव्हा ते शेजाऱ्याकरवी शत्रूला आवरण्याचे हेच तत्त्व वापरीत असतात.

दरम्यान सक्सेनियाचे नाव एका वेगळ्याच दालनात पोहोचले. अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राचे कवकशास्त्रज्ञ लिबेरो अजेल्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये वर उल्लेखिलेला पहिला मानवी संसर्ग नोंदवला. त्यानंतर निरनिराळ्या देशांतून, विशेषतः उष्ण प्रदेशांतून, असे रुग्ण आढळत गेले आणि त्यांत एक विचित्र साम्य दिसले. म्यूकर गणातील इतर कवके बहुधा अनियंत्रित मधुमेह असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या व्यक्तींना ग्रासतात. सक्सेनियाचे अनेक रुग्ण मात्र पूर्वी धडधाकट होते आणि अपघात, भाजणे किंवा कीटकाचा दंश अशा कारणाने कातडी फाटून मातीचा अंश आत गेला, एवढेच निमित्त त्यांच्या आजाराला पुरले होते. आत शिरलेले तंतू रक्तवाहिन्यांत घुसतात, त्या तुंबवतात आणि रक्तपुरवठा बंद पडलेला स्नायूंचा व चरबीचा भाग मरतो. मेलेला भाग शस्त्रक्रियेने त्वरित काढून टाकणे आणि ॲम्फोटेरिसिन बी हे औषध देणे, हा उपचार आहे. हे औषधही १९५० च्या दशकात व्हेनेझुएलातील मातीतल्या एका जीवाणूपासूनच मिळाले.

येथे निदानाची अडचण उभी राहते. रुग्णाच्या ऊतीत रुंद, आडपडदे नसलेले तंतू दिसले की म्यूकर गणातील कवक आहे एवढे कळते, पण कोणते ते कळत नाही. आणि प्रयोगशाळेतील नेहमीच्या पोषक माध्यमावर सक्सेनिया वाढवली तर ती बशीभर पांढरा कापूस पसरते आणि आठवडेच्या आठवडे एकही बीजाणुधानी धरत नाही. जिची ओळख केवळ फळण्याने पटते आणि जी फळायलाच तयार नाही, अशी बुरशी प्रयोगशाळेतून ‘अनिर्णित’ असा शेरा घेऊन बाहेर पडणार हे उघड होते. १९७९ मध्ये उत्तर भारतातीलच मातीतून मिश्र, श्रीवास्तव आणि लता यांनी वर्णन केलेल्या ॲपोफिसोमायसेस या दुसऱ्या वंशाचीही हीच तऱ्हा होती.

या अडचणीवर निघालेला तोडगा सक्सेनियाच्या मूळ घराची आठवण करून देणारा आहे, आणि त्याला मराठी वाचकाच्या दृष्टीने आणखी एक महत्त्व आहे. १९८२ मध्ये एलिस व अजेल्लो यांनी सक्सेनियाला बीजाणू धरायला लावण्याची एक रीत सांगितली होती; ती अधिक सोपी व भरवशाची करून १९८८ मध्ये ‘जर्नल ऑफ क्लिनिकल मायक्रोबायोलॉजी’त मांडणाऱ्या निबंधाचे पहिले लेखक अरविंद पाध्ये होते. अटलांटाच्या रोगनियंत्रण केंद्रात जाण्यापूर्वी पाध्ये यांनी एम. जे. तिरुमलाचार यांच्याबरोबर काम केले होते, आणि पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या नियतकालिकात १९६८ मध्ये आलेल्या त्या दोघांच्या निबंधात ‘मदुरा पाय’ या, अनवाणी शेतकऱ्यांना जडणाऱ्या रोगाचे एक कवक भारतातील मातीतून वेगळे केल्याची नोंद आहे. पिंपरीच्या मातीतील जीवाणूपासून हॅमायसिन हे कवकनाशक औषध याच संस्थेत तिरुमलाचार यांच्या चमूने शोधले होते. माती आणि जखम यांचा संबंध पाध्ये यांना नवीन नव्हता, असे त्यावरून म्हणता येते.

त्यांची रीत थोडक्यात अशी: पोषक अगरवर वाढलेल्या बुरशीसह त्या अगरचा लहानसा चौकोन कापायचा, तो निर्जंतुक पाणी असलेल्या बशीत सोडायचा, पाण्यात यीस्टच्या अर्काचा किंचित अंश मिसळायचा आणि बशी शरीराच्या तापमानाला, ३७ अंश सेल्सियसवर, ठेवायची. साधारण आठवड्या-दीड आठवड्यात अगरच्या कडांवर सुरईच्या आकाराच्या बीजाणुधान्या दिसू लागतात. भरपूर अन्न असताना बीजाणू तयार करण्याची कवकाला गरज नसते. अन्न संपत आले, म्हणजे जागा सोडून जाण्याची वेळ आली, की शरीरात साठवलेले सर्व काही बीजाणूंसाठी खर्च करणे हेच जगण्याचे धोरण ठरते. प्रयोगशाळेतील समृद्ध माध्यम या बुरशीला कायमचा सुकाळ पुरवत होते आणि म्हणून ती मूक राहत होती. मातीत जशी ओल असते आणि अन्न तुटपुंजे असते, तशी स्थिती निर्माण करताच ती बोलती झाली. रुग्णालयातील निदानाचा प्रश्न परिस्थितिकीच्या नियमाने सुटल्याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल.

मग मातीत मेलेल्या पाचोळ्यावर जगणाऱ्या कवकाला जिवंत माणसाचे शरीर का मानवते? त्याचे उत्तर जबलपूरच्या एका छोट्या अभ्यासातून अंशतः मिळते. राणी दुर्गावती विद्यापीठातील रजक, हसिजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जबलपूरच्या जिलेटिन कारखान्याच्या आवारातील मातीतून कवके मिळवून ती केराटिन किती पचवतात याचे मोजमाप केले आणि ते १९९१ मध्ये ‘मायकोपॅथॉलॉजिया’त प्रसिद्ध झाले. केराटिन म्हणजे केस, नखे, शिंगे व कातडीचा वरचा थर यांचे चिवट प्रथिन; जनावरांची हाडे जेथे वर्षानुवर्षे येऊन पडतात त्या आवारात केराटिन पचवणारी कवके मातीतच तयार झालेली सापडावीत यात आश्चर्य नाही. गजकर्ण किंवा नायट्यास कारण होणारी कवकेही अशाच मातीतल्या पूर्वजांपासून आली असावीत असे मानले जाते. मेलेल्या जनावराचे केस पचवता येणे आणि जिवंत माणसाची कातडी पचवता येणे यांत रसायनशास्त्राच्या दृष्टीने फारसे अंतर नाही. अंतर आहे ते प्रतिकारशक्तीचे आणि शरीराच्या उष्णतेचे.

उष्णतेचा मुद्दा विचारात घेण्यासारखा आहे. आर्तुरो कॅसाडेव्हॉल आणि व्हिन्सेंट रॉबर्ट यांनी २००९ मध्ये हजारो कवकांच्या वाढीची तापमानमर्यादा तपासली, तेव्हा ३० ते ४० अंशांच्या दरम्यान प्रत्येक अंशागणिक सुमारे सहा टक्के कवके वाढण्यास असमर्थ ठरतात असे आढळले. उष्ण रक्त हेच सस्तन प्राण्यांचे पहिले कवच आहे असा त्याचा अर्थ होतो, आणि ३७ अंशांवर खुशाल वाढणारी सक्सेनिया त्या कवचाला दाद न देणाऱ्या थोड्या कवकांपैकी आहे. उन्हाळ्यात तापणाऱ्या मातीत जगण्याची सवय तिला येथे कामी येत असावी. कॅसाडेव्हॉल यांनी त्याआधी, २००५ मध्ये, आणखी धाडसी कल्पना मांडली होती: साडेसहा कोटी वर्षांपूर्वी डायनोसॉर नष्ट झाले त्या वेळी कुजणाऱ्या वनस्पतींवर कवकांचे अमाप पीक आले, आणि त्या काळात थंड रक्ताच्या प्राण्यांपेक्षा उष्ण रक्ताच्या सस्तन प्राण्यांचा निभाव अधिक चांगला लागला. न्यूझीलंडमधील त्या काळच्या खडकांत कवकबीजाणूंचा एकाएकी वाढलेला थर २००४ मध्ये आढळला आहे खरा, परंतु एका ठिकाणच्या थरावरून सस्तनांच्या उदयाचे श्रेय बुरशीला देणे घाईचे होईल. ही कल्पना आकर्षक आहे, सिद्ध झालेली नाही.

जबलपूरच्या रहिवाशांना त्या काळाचे अवशेष परके नाहीत. १८२८ साली याच शहरातील बारा सिमला टेकडीवर विल्यम स्लीमन यांना मिळालेली हाडे ही भारतातील डायनोसॉरची पहिली हाडे होत, आणि ती ज्या खडकांत मिळाली त्यांना नर्मदेवरील लम्हेटा घाटावरून लॅमेटा हे नाव पडले. याच खडकमालेतील, चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याजवळच्या पिसदुरा येथे डायनोसॉरची अश्मीभूत विष्ठा मिळते, आणि लखनौच्या बिरबल साहनी संस्थेशी संबंधित संशोधकांनी २००४ व २००५ मध्ये तीत पानांवर वाढणाऱ्या कवकांचे अवशेष ओळखून त्या अजस्र प्राण्यांनी झाडांची पाने खाल्ली असावीत असा निष्कर्ष काढला. पानासोबत पोटात गेलेली बुरशी साडेसहा कोटी वर्षांनी जेवणाची साक्ष देते, हे कवकांच्या भिंतीतील कायटिनच्या टिकाऊपणाचेच फळ होय.

कवकांचे सारेच संबंध कुजण्याचे किंवा रोगाचे नसतात. पावसाळ्यात मंडला, दिंडोरी आणि जबलपूरच्या बाजारात ‘पिहरी’ नावाने विकली जाणारी जंगली अळंबी घेणाऱ्याला ती सालवनातून आली की नाही हे महत्त्वाचे वाटते, आणि त्याला शास्त्रीय आधार आहे. सालाच्या मुळांभोवती काही कवके आपले तंतू म्यानासारखे गुंडाळतात, झाडाला पाणी व फॉस्फरस मिळवून देतात आणि मोबदल्यात साखर घेतात. या भागीदारीला कवकमूल म्हणतात. सालाच्या कुलाचे मादागास्करमधील नातलगही अशीच भागीदारी करतात, आणि त्यावरून द्युकुसो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये असे अनुमान काढले की भारत आणि मादागास्कर सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी विलग होण्याआधीच या झाडांच्या पूर्वजाने कवकाशी हात मिळवले होते. सागवानाची भागीदारी निराळ्या कवकांशी आहे. ती मुळांच्या पेशींत शिरून राहतात, आणि २०१६ च्या वर्गीकरणात त्यांना म्यूकर गणाबरोबर एकाच संघात ठेवण्यात आले. म्हणजे पथरियाच्या टेकडीवर सागवानाला जगवणारे कवक आणि त्याच मातीतील सक्सेनिया हे दूरचे भाऊबंद ठरतात. झाडे लावायची तर त्यांची कवकेही सोबत रुजवावी लागतात, याचा विचार १९८८ मध्ये जबलपूरला स्थापन झालेल्या उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्थेसारख्या संस्थांना म्हणूनच करावा लागतो.

२०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेबरोबर ‘काळी बुरशी’ हा शब्द घरोघरी पोहोचला. केंद्र सरकारने मे महिन्यात हा आजार अधिसूचित करण्यास राज्यांना सांगितले आणि जुलैत संसदेत दिलेल्या माहितीनुसार तोवर ४५,३७४ रुग्ण नोंदले गेले होते. जबलपूरच्या नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयासह अनेक रुग्णालयांना या आजारासाठी स्वतंत्र वॉर्ड उघडावे लागले. त्या साथीत मुख्य हात रायझोपस या वंशाचा होता, सक्सेनियाचा नव्हे, आणि काळी दिसत होती ती बुरशी नसून रक्तपुरवठ्याअभावी मेलेली ऊती होती. मात्र म्यूकर गणातील कवके एकसारखी नाहीत, कोणते कवक कोणाला आणि कोणत्या वाटेने गाठते हे वेगवेगळे असते, ही सूक्ष्म गोष्ट त्या धांदलीत फारशी कोणाच्या लक्षात आली नाही.

डीएनएच्या तुलनेमुळे आता बीजाणूंची वाट न पाहताही ओळख पटवता येते, आणि त्यातून वंशांची मांडणीही बदलली. २०१० मध्ये सक्सेनियात एरिथ्रोस्पोरा व ऑब्लॉंगिस्पोरा या दोन नव्या जाती वेगळ्या काढण्यात आल्या आणि त्याच वर्षी ॲपोफिसोमायसेसच्याही एकाऐवजी अनेक जाती असल्याचे दिसले. हे दोन वंश एकाच कुलात बसतात हेही पुढे स्पष्ट झाले. २२ मे २०११ रोजी अमेरिकेतील जॉपलिन शहरात आलेल्या टॉर्नेडोत जखमी झालेल्या तेरा जणांना ॲपोफिसोमायसेसचा संसर्ग झाला आणि त्यांतील पाच जण दगावले. वाऱ्याने उडालेली माती आणि लाकडाचे तुकडे त्यांच्या जखमांत खोलवर रुतले होते. भारतात या वंशाचे रुग्ण इतर देशांच्या मानाने अधिक आढळतात, आणि त्याचे कारण शोधण्यासाठी चंडीगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील संशोधक रुग्णालयाबाहेर पडून मातीकडे वळले. मातीचे नमुने गोळा करणे, त्यांतील कवके वाढवणे आणि मातीच्या गुणधर्मांशी त्यांचा मेळ घालणे, हीच पद्धत त्यांनीही वापरली, आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार ॲपोफिसोमायसेस व्हेरिअबिलिस हे कवक ज्या मातीत नायट्रोजन कमी असतो तेथे आढळते. सक्सेनियाची मात्र आजवर ज्ञात असलेली बहुतेक संवर्धने रुग्णांच्या जखमांतून आलेली आहेत. जंगलातील मातीत ती नेमके काय खाते, कोणाशी स्पर्धा करते आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यात फळते, याचा तपशील अद्याप गोळा व्हायचा आहे.